प्रस्तुत कथेत

बावन्न वह्या. नववी ब.
पहिली उघडली : प्रस्तुत कथेत लेखकाने...
दुसरी : प्रस्तुत कथेत लेखकाने...
तिसरीत 'प्रस्तूत', तू दीर्घ,
तेवढाच काय तो वेगळेपणा.

दोष कुणाला देऊ?
सोमवारी फळ्यावर मीच लिहिलं होतं,
'सुरुवात आकर्षक असावी',
आणि खाली, पोरं गोंधळतील म्हणून, नमुना.
एकोणीस वर्षं झाली. शाळेचे पत्रे बदलले,
हेडमास्तर चार बदलले,
नमुना तोच.

नंदुरबारच्या वेशीबाहेर आमची शाळा,
शाळेमागे मिरचीची पथारी.
पौषात वारा फिरला की आख्खा वर्ग शिंकतो.
शिंकेला प्रस्तावना नसते,
हे मी वर्गात कधी म्हटलं नाही.
आत्ता म्हणतोय, रात्री साडेअकराला,
लाल पेनचं टोपण दातात धरून.

कथा लहानशी, साडेतीन पानं.
एक घड्याळजी. दुरुस्तीला आलेलं एक घड्याळ
न्यायला कुणी येतच नाही.
तो रोज सकाळी त्याला चावी देतो.
बस.
लेखक पुढे काही सांगत नाही.
पुढचं आम्ही सांगतो :
मूल्य, संदेश, कर्तव्यनिष्ठा, गुण चार.

एकोणतिसावी वही. कोकिळा हिलाल माळी.
हिची आई पथारीवर मिरचीची देठं खुडते,
वहीलाही तो ठसका.
तपासून झाल्यावर डोळे चोळायचे नाहीत,
हे मी शिकलोय.

पानाच्या माथ्यावर दोन ओळी. खोडलेल्या.
रागाने नाही, पट्टी ठेवून,
एक रेघ, तिच्यावर दुसरी,
पाहुणे यायच्या आधी अंगणातलं सामान
आत सारावं तशा.
वही दिव्याखाली तिरपी धरली.

दादा सुरतले गया.
त्यानी सायकलमा बाप दर आइतवारे हवा भरस.

'भरस'वर 'भरतो' गिरवलेलं.
मग 'भरतो'सुद्धा नको वाटलं असावं.
आणि खाली, वळणदार अक्षरात, सुरक्षित :
प्रस्तुत कथेत लेखकाने

घड्याळाचा यात शब्द नाही.
चावीचाही नाही.
आणि साडेतीन पानं मला पहिल्यांदा
नीट ऐकू आली, टिकटिकीसकट.

हाताला सवय असते :
खाडाखोड, अर्धा गुण वजा.
विषयांतर, भोवती गोल.
हात थबकला, असं लिहिणं शोभलं असतं,
पण खरं सांगतो, गोल अर्धा काढून झाला होता.
तो तिथेच सोडला
आणि खोडलेल्या शब्दांखाली टिंबं देत गेलो,
काका छापखान्यात द्यायचे तशी.
हे राहू द्या, असा त्यांचा अर्थ.

पण तिला कुठून माहीत ती खूण?
वाटेल, सरांचं पेन गळतंय.
म्हणून समासात लिहिलं : इथून सुरू कर.
वाचून पाहिलं. हाही हुकूमच.
खोडलं. पट्टी न ठेवता.
इथून सुरू केलं होतंस.
हे त्यातल्या त्यात बरं.

सकाळी वर्गात म्हटलं,
यापुढे प्रस्तुत बंद.
कथा वाचून तुम्हाला आधी जे आठवलं,
भले ते कथेत नसेल,
तिथून शिरा. दार नंतर शोधू.

शांतता. मागच्या बाकावरून भाग्येश गिरासे :
'सर, बोर्डात चालेल का हे?'
'माहीत नाही,' मी म्हणालो.
एकोणीस वर्षांत फळ्यासमोर उभं राहून
हे वाक्य बोललो नव्हतो.
भाग्येशने ते वहीत उतरवून घेतलं.

कोकिळेने वही उघडली, मिटली,
पुन्हा थोडीशीच उघडली.
टिंबं मोजत असावी.
मी आता काहीतरी समारोपाचं बोलणार,
तोंड उघडलंही,
तोच मागून वारा फिरला
आणि पहिली शिंक माझी.